भात साठवायची हवाबंद पिशवी: कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. बियाणं आणि घरच्या खाण्याचं भात साठवायचं असेल तर ही पिशवी घ्या. खळ्यावरनंच व्यापाऱ्याला भात घालणार असाल तर घेऊ नका, तुमच्या काही उपयोगाची नाही. आणि वाळवायचा कंटाळा असेल तर हातसुद्धा लावू नका, कारण ओलं भात ह्या पिशवीत साध्या पोत्यापेक्षा लवकर नासतं.

आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूर भागातले. काळी जमीन, पावसाळ्यात भात आणि ते निघालं की राहिलेल्या ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. भातात जास्त करून इंद्रायणी. एका तुकड्यात मामांच्या हट्टापायी अजून बेळगाव बासमती असते, ती विकायची नाही, घरात आणि पाव्हण्यात वाटायची. कापणी-मळणीला सगळं घर असतं. भात घरात आलं की मात्र पुढचं माझ्याकडं: वाळवणं, भरणं, मिलला किती पाठवायचं, बियाणं कुठलं ठेवायचं. त्यामुळं ह्या पिशवीबद्दल बोलायचा हक्क घरात मला आहे असं मी धरून चालते.

आमच्याकडं आधी कणगी होती. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली. आत्यांच्या काळात ती भरली की वर लिंबाचा पाला आणि निर्गुडी टाकून तोंड लिंपून घ्यायच्या. घर दुरुस्त केलं तेव्हा कणगी गेली आणि पोती आली, आणि पोत्यांबरोबर सोंडकिडे आले. होळी झाली, उन्हं तापली की पोत्याला हात लावावा तर बोटाला पीठ लागायचं आणि पाकोळ्या, म्हणजे धान्यातले बारीक पतंग, भिरभिरत तोंडावर यायच्या. बरेच लोक गोळी ठेवतात, ती ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. तिच्यातनं निघणारा वायू माणसालाही मारतो. जिथं पोती त्याच खोलीत पोरं झोपतात, तिथं मी ती गोळी कधीच येऊ दिली नाही.

पिशवी दिसायला साधी आहे. दुधी रंगाचं, अंगानं जरा कडक प्लास्टिक, एकात एक दाबलेले थर आणि त्यातला एक थर हवा अडवणारा. ती नेहमीच्या विणलेल्या पोत्याच्या आत घालायची आणि मग भात भरायचं. पन्नास किलोची पिशवी मला शंभराच्या थोडी पुढं पडली, वरचं पोतं आपलं आपण. अशा पिशव्या भातासाठी पुढं आणल्या त्या फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं, त्यांच्यात तिला सुपर बॅग म्हणतात. दुसरा एक प्रकार आहे, पिक्स नावाचा. त्यात आत दोन पिशव्या आणि बाहेर पोतं असे तीन थर. ती अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, चवळीला भुंगा लागू नये म्हणून काढली होती. मी घेतली ती एकेरी पिशवी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रार आहे आणि ती जास्त करून दुकानदाराची आहे.

काम कसं करते ते दुकानात कुणी धड सांगत नाही, म्हणून इथं लिहिते. सोंडकिडा अंडं घालतो ते दाण्याच्या आत. अळी आतच दाणा खाऊन मोठी होते आणि भोक पाडून बाहेर येते. म्हणजे भरताना भात कितीही स्वच्छ दिसलं तरी पुढच्या उन्हाळ्याची कीड त्यात असू शकते. पाकोळीचं तर शेतातनंच सुरू होतं, उभ्या लोंबीवर. आता तोंड घट्ट बांधलं की आत जी हवा राहते त्यावरच त्या किड्यांना जगायचं असतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो. किडे आणि दाणे श्वास घेत घेत तो संपवतात, ५ टक्क्यांच्या आसपास आला की किडे गुदमरायला लागतात. त्या भात संशोधन संस्थेच्या सांगण्याप्रमाणं बहुतेक वेळा दहाएक दिवसांत हे होतं. औषध नाही, धूर नाही. कीड आपल्याच श्वासानं मरते.

खरं एक अट आहे. भात १४ टक्के ओलाव्याच्या वर असता कामा नये, बियाण्याचं तर १२-१३ पर्यंत आणायचं. कापताना भातात २० ते २५ टक्के पाणी असतं. हा मधला फरक उन्हानं भरून काढायचा, पिशवी त्यात काही करत नाही. साध्या पोत्यातनं ओल थोडी तरी बाहेर जाते, हिच्यातनं जायला वाटच नाही. आमच्या भावकीतल्या एका काकांनी परतीचा पाऊस खाल्लेलं भात दोन उन्हं देऊन घाईनं भरलं. संक्रांतीला पिशवी सोडली तर आंबूस वास आणि दाणा पिवळा पडलेला. काका अजून दुकानदाराला शिव्या घालतात. दुकानदारानं ओलाव्याचं एक वाक्य सांगितलं असतं तर त्या निम्म्या झाल्या असत्या.

तर वाळवण. ह्यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण पिशवीचा पैसा इथंच वसूल होतो नाहीतर बुडतो.

आमच्याकडं सुगी दिवाळीच्या पुढंमागं. परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, तो गेला की धुकं आणि दव. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ताडपत्री पसरण्यात अर्थ नाही, खालची जमीनच ओली असते. थर चार-पाच सेंटिमीटरचा, म्हणजे तीन बोटं आडवी ठेवली तर तेवढाच. जाड पसरलं तर वरचं करपतं आणि खालचं घामेजतं. अर्ध्या-अर्ध्या तासानं पायानं सरी ओढत फिरायचं. हे काम पोरांना आवडतं, फक्त पहिला अर्धा तास. मग मोबाईल आठवतो.

बरेच लोक हायवेच्या सर्व्हिस रोडवर भात पसरतात. डांबर तापतं, लवकर वाळतं, मान्य आहे. गाड्यांच्या चाकाखाली दाणा फुटतो, खडे येतात, आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावरनं घसरून पडतो. डांबरावर दाणा इतका तापतो की वाळता वाळता आत चीर जाते. ती डोळ्याला दिसत नाही, मिलला गेल्यावर कणीच्या रूपानं दिसते. बियाण्याला तर असला ताव नकोच, चाळीस-बेचाळीस अंशांच्या वर दाणा तापला की उगवण मार खाते. दुपारी बारा ते दोनचं ऊन फारच कडक असेल तर मी बियाण्याचं भात गोळा करून त्यावर चादर टाकते. शेजारणी हसतात.

आणि संध्याकाळी. ऊन उतरलं की भात ओढून ढीग करायचा, जरा निवू द्यायचं आणि दव पडायच्या आत झाकायचं. गरमागरम झाकलं की ताडपत्रीच्या पोटाला पाणी धरतं आणि सकाळी वरचा थर परत ओला. उघडं ठेवलं तर दव पिऊन वाळलेला दाणा फुगतो आणि त्याला चीर जाते. पोटच्या पोराचं इतकं करत नाही, असं आमचे हे म्हणतात. ताडपत्री नसेल तर आधी तिचं बघा, रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेतीखात्याच्या केंद्रात, अनुदानावर मिळते. पिशवी नंतर.

वाळलं हे कळायचं कसं? आत्या दाताखाली दाणा धरतात. दबला तर ओला, 'कट्' करून तुटला तर वाळला. त्यांचा दात चुकत नाही, खरं त्यांचा दात माझ्याकडं नाही. सोसायटीत ओलावा मोजायचं यंत्र आहे, ते मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर मिठाची परीक्षा. मीठ तव्यावर चांगलं कोरडं करून निववायचं. स्वच्छ वाळलेली काचेची बरणी घ्यायची, पाव भाग भात, वर दोन-तीन चमचे मीठ, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. दाणे खाली बसल्यावर बरणीच्या काचेला मीठ चिकटलेलं दिसलं तर भातात १५ टक्क्यांच्या वर ओल आहे. काच स्वच्छ राहिली तर त्याच्या खाली. नेमका आकडा कळत नाही, तरी 'अजून एक ऊन' की 'भरा आता' एवढं कळतं. बियाण्याला मी काच स्वच्छ दिसल्यावरही आणखी एक ऊन देते.

मग भरणं. पिशवी आधी तपासायची. तोंड उघडं धरून हवेत एक हिसका दिला की ती हवेनं भरते. लगेच तोंड पिळून धरायचं आणि पिशवी काखेत दाबायची. कान लावून ऐकायचं. शिवणीवर 'सूं' आवाज आला, किंवा गालाला गार झुळूक लागली, की ती पिशवी बाद. माझ्या गठ्ठ्यात एक अशी निघाली, बुडाच्या जोडाला बारीक फट. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "अक्का, हे बगा, प्लास्टिकचं सामान परत घेत न्हाई आमी." बिल नव्हतंच, कारण त्यानं दिलंच नव्हतं. म्हणून आता मी दुकानातच एकेक पिशवी फुगवून बघते. मागं लोक उभे असले तरी. पहिल्यांदा त्याला राग आला, आता तोच नव्या गिऱ्हाइकाला माझ्यासारखं फुगवून दाखवतो.

भात भरताना आत काड्या, पिंजराचे म्हणजे पेंढ्याचे तुकडे जाऊ द्यायचे नाहीत, टोचून भोक पडतं. म्हणून भात फॅनला वारवून फोल आणि काडी काढल्यावरच भरायचं. पिशवी काठोकाठ भरायची नाही. वर वीतभर, जरा जास्तच मोकळं ठेवायचं. दोघांनी भात दाबून आतली हवा काढायची, तोंडाला पीळ घालत जायचं, पीळ घट्ट झाला की तो दुमडायचा आणि दुमडीवर रबर नाहीतर प्लास्टिकची पट्टी आवळायची. नुसती सुतळीची गाठ मारून चालत नाही, हळूहळू सैल होते. पुढच्या आठवड्यात एकदा हात लावून बघायचं, किडे असले तर पिशवी जरा आत ओढल्यासारखी झालेली दिसते. नाही झाली तरी घाबरायचं नाही. कीडच नसेल आणि भात कडक वाळलेलं असेल तर ऑक्सिजन संपवायला आत कुणी नसतं.

आता दोष.

पहिला उंदीर. प्लास्टिक म्हणजे उंदराला पापड. एक भोक पडलं की शंभर रुपयांची पिशवी साध्या पोत्याच्या बरोबरीला आली. आम्ही पिशव्या भिंतीपासनं हातभर लांब, फळ्यांवर ठेवतो आणि मांजराला त्या खोलीत जायला वाट सोडतो. तरी एक गेलीच. बारीक भोक असेल तर चिकटपट्टी चालते, मोठं असेल तर त्या पिशवीतलं भात आधी संपवायचं.

दुसरा, छोटा काळपट भुंगेरा, दाणा पोखरून पीठ करणारा. तो आतनं प्लास्टिकला भोक पाडू शकतो. पिशवी रिकामी झाली की मी ती उजेडाकडं धरून बघते, टाचणीएवढी भोकं चांदण्यांसारखी चमकतात. असली पिशवी परत बियाण्याला वापरत नाही. मिरच्या भरायला ठेवते.

तिसरा, ती वरचेवर उघडायची नसते. दर उघडण्याला ताजी हवा आत जाते आणि कीड पुन्हा श्वास घेते. महिन्याला मिलला पाठवायचं असेल तर एक पन्नासाची पिशवी एका खेपेला संपेल असं भरावं. आत्यांना हे पटत नाही. "भात आपलं, आन् काढायला मुहूर्त?" असं म्हणतात. त्यांच्यासाठी एक साधं पोतं वेगळं ठेवलंय, तेवढं ते होळीपर्यंत संपतंच.

पिशवी उन्हात ठेवू नये, कौलाखालच्या तापणाऱ्या माळ्यावर तर नकोच. हेही कुठं लिहिलेलं नसतं.

फायदा किती झाला ते सांगते. बियाणं आम्हाला मे अखेरीला, रोहिणीच्या पेरणीला लागतं, म्हणजे भात भरल्यापासनं सहा-सात महिने टिकायला हवं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून मी उगवण बघते. प्रमाणित बियाण्याला कमीत कमी ८० टक्के उगवण असावी असा नियम आहे. एकाच खळ्याचं भात, पोत्यात ठेवलेल्यातले सत्तरच्या आसपास उगवले, पिशवीतले नव्वदच्या वर. त्या वर्षी बियाणं विकत घेतलं नाही आणि कुरीनं, म्हणजे पाभरीनं, पेरताना हात सैल सोडावा लागला नाही. बासमतीचं बियाणं बाजारात सहज मिळतच नाही. मामांची बासमती शिवारात टिकायची असेल तर ती ह्या पिशवीतच टिकेल असं माझं मत झालंय.

खाण्याच्या भातात किड्यांचा त्रास गेला, हे सरळ दिसलं. जेठ-आषाढात भात मिलला नेलं तेव्हा मिलवाल्यानं मूठ भरून बघितली आणि विचारलं, "नवंच भात न्हवं हे?" कणीही कमी पडली. खरं कणीचं श्रेय मी पिशवीला देत नाही, ते वाळवणीचं. दुकानदार जाहिरातीत दोन्ही आपल्या नावावर घेतात. तांदूळ करून ठेवू नका, भातच ठेवा आणि लागेल तसं काढा, हे जुन्या बायका सांगायच्या ते ह्या पिशवीलाही लागू आहे. टरफल हे दाण्याचं सगळ्यात चांगलं आवरण.

लुधियानाच्या सिफेट ह्या, कापणीनंतरच्या कामांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१५ साली देशभराचा अभ्यास दिला, त्यात भाताची नासाडी ५.५३ टक्के धरली आहे. कापणी, मळणी, वाहतूक, साठवण, सगळं मिळून. पिशवी ह्यातला शेवटचा तुकडा फक्त वाचवते. पिकून गेलेलं भात मजूर मिळत नाहीत म्हणून शिवारात उभं राहिलं आणि लोंबी झडली, तर ते पिशवीत कुठनं येणार? शंभरातले ऐंशी-पंचाऐंशी दाणे सोन्यासारखे झाले की कापायचं, हे आधी. कापणीचं यंत्र यायची वाट बघत आठवडा घालवायचा आणि घरात महागडी पिशवी आणायची, हा हिशोब मला कळत नाही.

विकणाऱ्यांना पिशवी घेऊ नका म्हटलं त्याचं कारणही हिशोबाचंच आहे. २० टक्के ओलाव्याचं शंभर किलो भात १४ वर आणलं की ते त्र्याण्णव किलो भरतं. सात किलो पाणी उडालं. खळ्यावर येणारा व्यापारी ओलं-वाळलं एकाच भावानं घेतो, मग वाळवणाऱ्यानं स्वतःचे सात किलो का घालवायचे? सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो आणि २०२५-२६ ला साध्या भाताचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता. तिथं घालायचं असेल तर वाळवणं लागतंच, पण पिशवी नाही लागत, ताडपत्री आणि साधं पोतं पुरतं. वाळलेल्या भाताला जास्त पैसे द्यायला व्यापारी तयार झाले तर मी हे मत बदलीन.

पैशाचं म्हणाल तर भोक पडलं नाही तर पिशवी दोन-तीन सुग्या चालते. पन्नास किलो भाताचे साधारण बत्तीस-तेहतीस किलो तांदूळ होतात. त्यातले दोन किलो जरी किड्यांच्या तोंडातनं वाचले तरी त्या वर्षीचा खर्च निघाला. बियाण्याला तर हिशोब करायचीही गरज नाही.

घ्यायला जाल तेव्हा बिल मागा. पिशवी दुकानातच फुगवून बघा. बांधायची पट्टी पिशवीबरोबर येते का ते विचारा. आमच्याकडं ती गल्ल्याखालच्या डब्यात असते आणि मागितल्याशिवाय देत नाहीत.